बँकेची तडजोड : सही करण्याआधी हिशेब मांडा

मार्चअखेर किंवा लोकअदालतीची तारीख जवळ आली की जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील आपल्या घरांत बँकेची पत्रे येऊ लागतात. बेला, जैनथ, तामसीपासून भैंसा, मुधोळपर्यंत मजकूर साधारण एकच असतो : मुद्दल इतके, व्याज इतके, एकरकमी अमुक भरल्यास उरलेले माफ. पत्र तेलुगूत किंवा इंग्रजीत. घरातले वडीलधारे ते नातवाकडून वाचून घेतात आणि लगेच घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, भरून मोकळे होऊ. दुसरा म्हणतो, थांबा, निवडणूक आली की सरकार माफ करीलच. दोन्ही मतांत भावना जास्त आणि हिशेब कमी, म्हणून आज हा विषय.

आधी खाते कसले आहे ते समजून घ्यावे. १९९८ पासून सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड हे ओव्हरड्राफ्टसारखे चालते. मर्यादा मंजूर होते, लागेल तशी रक्कम उचलायची, कापूस विकला की भरायची आणि दरवर्षी खाते नवे करून घ्यायचे. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज असते आणि वेळेवर भरणाऱ्याला ३ टक्के सूट मिळून ते ४ टक्क्यांवर येते. तारीख चुकली की ही सवलत जाते, बँकेचा नेहमीचा दर लागतो आणि वर निरनिराळी शुल्के चढतात. चार-पाच वर्षांत मुद्दलाशेजारी मुद्दलाएवढाच दुसरा आकडा उभा राहतो.

या दुसऱ्या आकड्याची फोड मागणे हा आपला हक्क आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये परिपत्रक काढून दंडव्याज बंद केले. २०२४ पासून बँकेला फक्त दंडशुल्क लावता येते आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. ३ लाखांपर्यंतच्या किसान कार्डावर प्रोसेसिंग व तपासणी शुल्क घेऊ नये, असे भारतीय बँक संघाने २०१९ मध्ये बँकांना कळवले होते. आपल्या आजोबांना ठाऊक असलेले दामदुपटीचे तत्त्वही मेलेले नाही. अल्प व अत्यल्प भूधारकाच्या अल्पमुदतीच्या कर्जावर एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त नसावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. जे मुळात लावायलाच नको होते, ते 'माफ' केल्याचे उपकार कशाला घ्यायचे ?

आता माफीची वाट पाहणाऱ्यांसाठी. २००८ च्या केंद्राच्या योजनेत लहान शेतकऱ्याचे थकीत कर्ज पूर्ण माफ झाले, पण मोठ्या शेतकऱ्याला २५ टक्के सूट मिळण्यासाठी ७५ टक्के आधी भरावे लागले. म्हणजे तीही एक तडजोडच होती. २०१४ ची तेलंगणातील १ लाखाची माफी चार हप्त्यांत आली. २०२४ मध्ये १८ जुलैपासून टप्प्याटप्प्याने २ लाखांपर्यंतची माफी झाली. ती १२ डिसेंबर २०१८ ते ९ डिसेंबर २०२३ या काळातल्या पीककर्जापुरती, कुटुंब हा घटक धरून होती आणि २ लाखांवरची रक्कम आधी स्वतः भरण्याची अट होती. ट्रॅक्टरचे कर्ज त्यात नव्हते. माफी कधी येईल आणि कोणती तारीख धरेल हे आपल्या हातात नसते, व्याज मात्र रोज चढते.

पण म्हणून हातघाईने सही करावी असेही नाही. समजा मुद्दल १,२०,००० आणि व्याज ९५,००० आहे. बँक १,३०,००० वर मिटवायला तयार आहे. ८५,००० वाचले असे वाटते. ही रक्कम घरच्या कापसाच्या पैशातून भरली तर खरोखरच वाचले. पण सावकाराकडून शेकडा ३ रुपये महिना दराने आणून भरली, तर महिन्याला ३,९०० व्याज. बावीस महिन्यांत वाचलेले ८५,००० संपले आणि मुद्दल सावकाराच्या वहीत जसेच्या तसे. बँकेचे कर्ज जाऊन सावकाराचे आले, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट पत्रात सहसा लिहिलेली नसते. तडजोडीने बंद झालेल्या खात्यापुढे सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा बसतो. पूर्ण फेडीचा शेरा वेगळा असतो. जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीप्रमाणे तडजोडीनंतर इतर कर्जदारांना किमान १२ महिने नवे कर्ज देता येत नाही. शेतीकर्जासाठी हा काळ बँकेच्या संचालक मंडळाने ठरवायचा आहे. पुढच्या मृगात बियाण्याला पैसा कुठून येणार, हा प्रश्न सहीच्या आधी विचारायचा आहे, नंतर नव्हे.

तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौर अर्बन बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले. तशी ती आपल्यावर सक्तीही नाही. लोकअदालतीत 'मला मान्य नाही' म्हणता येते. मात्र एकदा मान्य केले की तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. शेतजमिनीला सरफेसी कायदा लागू नाही, तेव्हा त्या नावाने कोणी धमकावले तर घाबरू नये. मुदत संपण्याआधी दिलेली लेखी कबुली मुदत नव्याने सुरू करते, हेही अर्ज लिहिताना लक्षात असावे.

आमचे मत असे. पैसा घरचा असेल, आकडा मुद्दलाच्या आसपास असेल आणि नवे पीककर्ज केव्हा मिळेल हे बँक लेखी देत असेल, तर तडजोड जरूर स्वीकारावी. यातले एकही नसेल तर खात्याचा उतारा मागावा, हप्ते मागावेत, मुदत मागावी. तोंडी आश्वासनावर एक रुपयाही भरू नये. भरल्यावर बेबाकी दाखला आणि गहाण कागद हातात घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. ३० दिवसांत बँकेने तक्रारीची दखल घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

जुन्या घरांनी आणखी एक करावे. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. आपल्या जिल्ह्याची सरस्वती ग्रामीण बँक त्याआधीच २००६ मध्ये डेक्कन ग्रामीणमध्ये गेली होती. ज्यांची खाती त्या काळातली आहेत, त्यांनी जुनी पासबुके आणि पावत्या टाकू नयेत. भरलेला हप्ता नव्या उताऱ्यात दिसला नाही, तर तीच पिवळी पावती कामाला येते.

आणि शेवटी मागणी. आपण इथे पिढ्यान् पिढ्या राहतो, कर भरतो, मत देतो. तडजोडीचे पत्र कर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय सही घेऊ नये आणि प्रत्येक पत्रासोबत मुद्दल, व्याज, शुल्क यांची वेगळी फोड द्यावी. जिल्हा सल्लागार समितीच्या बैठकीत लीड बँकेपुढे हे मांडावे, यासाठी आमदार-खासदारांकडे आग्रह धरू या. कर्ज आपण घेतले, ते फेडण्याची आपली दानत आहे. पण कशावर सही करतो आहोत, हे कळण्याचा अधिकार आधी.