एक पॉइंट सोडा, पण शेवटचा दगड सांभाळा



या वेळच्या व्हिडिओत कर्लिंगचं उदाहरण घाईत सांगितलं. इथे जरा निवांत बोलू.

कर्लिंग म्हणजे सुमारे 20 किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सरकवायचा आणि लांब आखलेल्या वर्तुळाच्या मध्याजवळ नेऊन थांबवायचा. चौघांची टीम, एका डावात प्रत्येक टीमचे आठ दगड. स्वीडनचा निक्लास एडिन हा या खेळातला मोठा कप्तान. 2013 ते 2024 या काळात तो सात वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाला. ऑलिंपिकमध्ये मात्र 2010 ला चौथा, 2014 ला ब्रॉन्झ, 2018 ला सिल्व्हर, आणि 2022 ला एकदाचं गोल्ड.

"बघा, धीर धरला की यश मिळतं!" असं म्हणून मी मोकळा झालो असतो. पण मला ते पटत नाही. नुसता धीर धरून धंदा चालत नाही, चालू राहतं ते फक्त गाळ्याचं भाडं. एडिन थांबून राहिला नव्हता. ब्रॉन्झ मिळूनही 2014 नंतर त्याने टीम नव्याने बांधली. तेव्हा राखीव असलेला ओस्कर एरिक्सन पुढे त्याचा मुख्य जोडीदार झाला.

आता खरा मुद्दा. डावातला शेवटचा दगड ज्याचा, त्याचं पारडं जड. पण त्याने पॉइंट घेतला, की पुढच्या डावात तो दगड समोरच्याकडे जातो. कोणालाच पॉइंट मिळाला नाही, तर त्याच्याकडेच राहतो. म्हणून चांगल्या टीम कधीकधी एक पॉइंट मुद्दाम सोडतात. मोठा डाव साधायचा असतो ना!

2022 च्या फायनलमध्ये ब्रिटनने दहाव्या डावात एक पॉइंट घेऊन 4-4 बरोबरी केली. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. जादा डावात शेवटचा दगड स्वीडनकडे आला आणि गोल्ड 5-4 ने स्वीडनचं झालं.

तुमचा शेवटचा दगड म्हणजे हातातलं खेळतं भांडवल. समजा तुमचा फराळाचा व्यवसाय आहे. जुलै थंड गेला म्हणून घाबरून तुम्ही निम्म्या मार्जिनवर, दोन महिन्यांच्या उधारीने ऑर्डर घेतली. वहीत विक्री दिसली, बरं वाटलं. पण दिवाळीआधी तेल-बेसन भरायला पैसे कुठायत? तुम्ही एक पॉइंट घेतला आणि दगड देऊन बसलात.

पण याचा सोयीचा अर्थ काढू नका. प्रत्येक डाव कोरा सोडणारा जिंकत नाही. ऑर्डर सोडताना पुढची कोणती संधी साधायची आहे, ते सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तो डावपेच नाही, आळस आहे.

आज रात्री वही उघडा. गेल्या तीन महिन्यांतल्या उधारीच्या ऑर्डरवर खूण करा. त्यातली कोणती सोडायला हवी होती? प्रामाणिकपणे लिहा, आणि कमेंटमध्ये मलाही सांगा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!