आधी तारा, मग पाती

केंद्राने जून 2024 मध्ये समुद्री पवनऊर्जेसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली. त्यातून 500 मेगावॉट गुजरातला, 500 तामिळनाडूला. वाऱ्याचा जोर पाहता ही निवड रास्तच. पण समुद्रातली वीज नुसत्या वाऱ्यावर अडत नाही, ती किनाऱ्यावर कुठे उतरवायची यावरही अडते. जर्मनीच्या रिफगाट प्रकल्पात 2013 मध्ये 30 पवनचक्क्या उभ्या राहिल्या. समुद्रतळाशी महायुद्धातला दारूगोळा निघाल्याने केबल रखडली आणि जोडणीला फेब्रुवारी 2014 उजाडला. तोवर यंत्रे गंजू नयेत म्हणून डिझेल जाळून फिरवली!

पुढे कोकणच्या समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या झाल्या, तर रत्नागिरीकडे वीज उतरवण्याची जागा तयार आहे. जयगडच्या 1,200 मेगावॉट औष्णिक केंद्रातून 400 केव्हीच्या वाहिन्या सह्याद्री ओलांडून न्यू कोयना आणि कराडला जातात. एन्रॉनचा वारसा असलेला दाभोळचा प्रकल्प गॅसअभावी वर्षानुवर्षे क्षमतेहून खूपच कमी चालला, म्हणजे त्याच्या वाहिन्यांतही वाव असू शकतो. घाटातून नवी वाहिनी म्हणजे जंगल, जमीन आणि कज्जे. वारा पावसाळ्यातच जोरात वाहतो, हा आक्षेप खरा. पण सौरऊर्जा मंदावते तीही तेव्हाच. मच्छीमारांचा आक्षेप मात्र जड आहे. मासेमारीबंदी जून-जुलैपुरती, खांब आणि केबल बारमाही. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पात लोकांना विचारण्याआधी नकाशे ठरले, त्याचा अविश्वास तिथल्या साखरीनाटे या मच्छीमार गावात अजून जिवंत आहे. म्हणून हर्णै, मिरकरवाड्याच्या मच्छीमार सोसायट्यांना जागानिश्चितीतच बसवावे, खंबातच्या आखातात झाली तशी वाऱ्याची मोजणी इथेही व्हावी, आणि या वाहिन्यांत किती वाव उरतो याचा हिशेब महापारेषणने आधी जाहीर करावा.