चढणाऱ्याला वाट द्या

घाटात सायकलवाल्याच्या पाठीला लागून हॉर्न बडवणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. या सदरात त्यावर पूर्वीही लिहिलंय, पण या रविवारी आंबा घाटात पुन्हा तेच पाहिलं. कॉलेजातली दोन पोरं साखरप्याहून वर निघाली होती, मागे एक मोठी गाडी. पुढे जायला रस्ता मोकळा होता, तरी चालकाचा हात हॉर्नवरून हटेना. शेवटी एकाचं चाक डांबर सोडून खडीत गेलं आणि तो गटाराच्या कडेला आडवा झाला. खरचटण्यावर निभावलं. गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, ‘‘घाट काय सायकलचा आहे?’’

आहे, साहेब. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी सर करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात. फ्रान्समधल्या आल्प द्युएझ घाटाला २१ वळणं आहेत आणि तिथे शर्यतीचा टप्पा जिंकलेल्यांची नावं त्या वळणांवर पाट्या लावून जपलीत; पहिला मान १९५२ साली फाउस्तो कोप्पीचा. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही सायकल शर्यत झाली, तेव्हा परदेशी संघ सह्याद्रीच्या रस्त्यांवर धावले.

चढावर सायकलचा वेग चालण्याएवढा उतरतो आणि एवढ्या कमी वेगात ती सरळ रेषेत राहत नाही, प्रत्येक पायडलला थोडी डुलते. वळणाच्या आतल्या बाजूला चढ जास्त उभा असतो, म्हणून स्वार वळण बाहेरून घेतो. गाडीवाल्याला वाटतं, हा मुद्दाम आडवा येतोय. अशा वेळी कानाजवळ हॉर्न वाजला की दचकून हँडल वळतंच. पावसाळ्यात तर डांबराच्या कडेला शेवाळ असतं, धुकं असतं. तिथे सायकल आणखी कडेला घे म्हणणं म्हणजे पड म्हणणं.

आणि आमची पोरं चढाला घाबरणारी नाहीत हो! रत्नागिरीत सपाट रस्ता आहे कुठे? परटवण्याची घाटी चढून शाळा गाठलेले पाय आहेत हे. पाठीवर दप्तर, कॅरियरला डबा, गिअर नाही. दम संपला की उतरून सायकल ढकलायची, सपाटी आली की पुन्हा टांग टाकायची. शर्यतीत डोंगर चढणारे खेळाडू असल्याच चढांवर घडतात. त्यांना हवा असतो चांगला रस्ता, शिकवणारा माणूस आणि कुणीतरी टाकलेला विश्वास. कुंभार्ली किंवा आंबा घाटातून हिवाळ्यात एक मोठी शर्यत न्या, मग बघा पायथ्याची पोफळी, साखरपा रस्त्यावर लोटतात की नाही.

याच आंबा घाटातून जाणाऱ्या मिऱ्या-नागपूर महामार्गाचं काम चालू आहे. ते करणाऱ्यांना माझं सांगणं आहे : चढाच्या बाजूला सायकलपुरती डांबरी पट्टी राखा, खडी आणि उघडं गटार नको. आणि गाडी चालवणाऱ्या वाचकांनो, पुढे सायकल दिसली तर हॉर्न देऊ नका. वळण संपू द्या, चांगलं दीड मीटर अंतर सोडा आणि मगच पुढे जा.