लोहाराच्या पोराला लाज कोणी शिकविली?

चार्ल्स डिकन्स या इंग्रज ग्रंथकाराची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी १८६०-६१ साली त्याच्याच साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने निघाली. तिचे तात्पर्य कोणी असे काढतात की, लोहाराच्या पोराने लोहारच राहावे, मोठेपणाची हाव धरू नये. वाचकहो, हे तात्पर्य साफ खोटे आहे!

पिप हा आईबापांवेगळा पोर. त्याच्या बहिणीचा नवरा जो हा गावचा लोहार. त्याने पिपला पोटच्या पोरासारखे वागविले. पिप पाटीवर वेडीवाकडी अक्षरे काढी, तेव्हा अडाणी जोला केवढे कौतुक वाटे! म्हणजे विद्येची आवड भट्टीपाशीच उपजली. लाज मात्र आली ती मिस हॅविशॅमच्या वाड्यातून. तेथे एस्टेला नावाच्या मुलीने पिपचे राठ हात आणि जाडे बूट पाहून त्याची हेटाळणी केली, आणि पोराला आपलेच घर हलके वाटू लागले. आता या वाड्याची दौलत कशाची? बिअर नामक दारूच्या भट्टीची! दारूची भट्टी खानदानी आणि लोखंडाची भट्टी हलकी, हा कोठला न्याय?

पुढे पिप लंडनात साहेब बनला. पैसा त्या बाईचाच, असे तो समजे. पण तो निघाला मॅग्विचचा! लहानपणी पिपने ज्याला कानस आणि अन्न चोरून दिले होते, तोच हा कैदी. काळ्या पाण्यावर न्यू साउथ वेल्समध्ये मेंढरे राखून त्याने तो कमावला होता. साहेबाच्या अंगावरचा कोट कष्टकऱ्याच्या घामाचा असतो, तो असा.

न्यायाची तऱ्हाही पाहा. मॅग्विच आणि कॉम्पेसन यांवर खटला एकच. कॉम्पेसन सभ्य पोषाखाचा, गोड बोलणारा. त्याला ७ वर्षे. फाटक्या मॅग्विचला १४!

मग दोष महत्त्वाकांक्षेचा काय? मुळीच नाही. गरीब बिडी स्वतः शिकली, तिने जोलाही लिहावयास शिकविले. दोघांपैकी कोणालाही भट्टीची लाज वाटली नाही. लंडनात ज्याच्या भेटीने पिप ओशाळला, त्याच जोने पुढे त्याच्या आजारात शुश्रूषा केली, त्याचे कर्ज फेडले आणि आभाराची वाट न पाहता तो पहाटे निघून गेला. पिपही अखेर परमुलखी कारकुनी करून स्वकष्टाची भाकरी खाऊ लागला, तेव्हाच माणसात आला.

म्हणून शेतकरी-कारागीर बंधुभगिनींनो, पोरे शाळेत घालाच. ती साहेब होवोत की मामलेदार! पण शिकून आलेला मुलगा बापाच्या हाताचे घट्टे पाहून मान खाली घालू लागला, तर ते शिक्षण नव्हे, ती वाड्यातली हेटाळणीच होय, असे खुशाल समजा.