मोरिया, मोरया आणि उच्चारसाम्याचा सापळा #थ्रेड

१/
'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या मोरियाच्या खाणी आणि आपला 'मोरया' यांवर विनोद जरूर करावा. परंतु तोच विनोद गंभीर चेहऱ्याने, 'एल्फांची भाषाही मुळात आपलीच' अशा थाटात मांडला गेला, तर त्याचा समाचार घ्यायलाच हवा. कारण ही खोड कल्पित भाषेपाशी थांबत नाही. ती इतिहासात शिरते.

२/
'मोरया'चे नाते मोरगाव-चिंचवडच्या गणेशभक्तीशी, मोरया गोसावींच्या नावाशी आहे. 'मोरिया' हा सिंदारिन भाषेतला शब्द. 'मोर' म्हणजे काळे, 'इआ' म्हणजे अथांग पोकळी. तोच 'मोर' मॉर्डोरमध्ये (काळा देश) आहे आणि मोरान्नोनमध्येही (काळा दरवाजा). शब्दाला गणगोत असते. ते न विचारता एकट्या शब्दाला हाताशी धरून कुठलेही नाते 'सिद्ध' करता येते.

३/
या भाषांचे कर्ते जे. आर. आर. टॉल्किन हे व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ. १९१९-२० मध्ये ते ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या कामावर होते. १९२५ पासून ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक. क्वेन्याच्या नादावर फिनिशची आणि सिंदारिनच्या नादावर वेल्शची छाया आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पण छाया म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

४/
व्युत्पत्ती नियमाने चालते. कर्म-काम, चर्म-चाम, घर्म-घाम: संस्कृतातून प्राकृतामार्गे मराठीत येताना एकच बदल तिन्ही ठिकाणी झाला, म्हणून आपण तो मानतो. टॉल्किन यांनी अशीच शिस्त आपल्या कल्पित भाषांना लावली. 'थिंक'मधल्या 'थ'चा क्वेन्यात पुढे 'स' झाला; सिंदारिनमध्ये तो टिकला. म्हणून चंद्र क्वेन्यात 'इसिल', सिंदारिनमध्ये 'इथिल'. याच नियमाने 'थाउरॉन'चा 'साउरॉन' झाला. मूळ धातूचा अर्थ घृणास्पद, तिरस्करणीय.

५/
तरीही वाचकांनी साउरॉनमध्ये ग्रीक 'साउरा', म्हणजे सरडा, शोधलाच! १९६७ मधल्या एका पत्राच्या मसुद्यात टॉल्किन यांनी हे नाते साफ नाकारले. 'मोरिया'चा नाद एका स्कँडिनेव्हियन लोककथेतल्या किल्ल्याच्या नावावरून आला, हे त्यांनी मान्य केले. बायबलमधल्या मोरिया प्रदेशाशी संबंध मात्र धुडकावला. नाद उसना असू शकतो, अर्थ घरचा.

६/
'मग त्यांनी उसने शब्द घेतलेच नाहीत का?' घेतले की! 'एअरेंडिल' हे नाव एका प्राचीन इंग्रजी काव्यातल्या 'एअरेंडेल' या शब्दावरून आले. पण तिथे आपल्याकडे मूळ ग्रंथ आहे आणि कर्त्याची कबुली आहे. शिवाय क्वेन्यात आणताना त्यांनी त्याची नवी फोड बसवली: 'एअर' म्हणजे सागर, 'न्दिल' म्हणजे त्यावर प्रेम करणारा. उसनवारी अशी पुराव्याने दाखवावी लागते.

७/
माझ्या मते सर्वांत मौजेचे उदाहरण गालाद्रिएलचे. सिंदारिनमध्ये 'गालाद' म्हणजे तेज. झाडाचा शब्द जवळपास तसाच ऐकू येतो, फक्त शेवटचा 'द' जिभेच्या घर्षणाने उच्चारला जातो, इंग्रजी 'दिस'मधल्यासारखा. नावाचा खरा अर्थ 'तेजस्वी माळेचा मुकुट ल्यालेली', तिच्या केसांवरून. पण ती राहते वनात! त्यामुळे लोरिएनबाहेरचे लोक तिचे नाव झाडाशी जोडून चुकीचे उच्चारू लागले, असे टॉल्किन लिहून ठेवतात. म्हणजे उच्चारसाम्याने फसणारी माणसे त्यांनी आपल्या कल्पित इतिहासातही नेमून ठेवली आहेत.

८/
आता 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका' म्हणणाऱ्यांकडे वळू. व्हॅटिकन हे रोममधल्या टेकडीचे नाव चर्चच्या स्थापनेहूनही जुने. तरीही दावा करायचाच असेल तर सांगा: कोणत्या काळी, कोणामार्फत, कोणत्या ध्वनिनियमाने 'वाटिका' लॅटिनमध्ये गेली? त्याच नियमाने गेलेले आणखी दोन शब्द कोणते? उत्तरे खाली लिहा. 'ऐकायला सारखे वाटते' हे उत्तर धरले जाणार नाही.