कंट्रोल सजवा, पण मोडू नका

प्रति,
शासकीय व निमशासकीय कार्यालयांसाठी संगणक प्रणाली बनवणाऱ्या कंपन्या आणि त्या विकत घेणारे खरेदी अधिकारी

विषय : बटणे, याद्या, तारखेच्या चौकटी अशा कंट्रोलना नवे रूप देताना पाळावयाच्या अटींबाबत

महोदय / महोदया,

आम्ही कार्यालयांत संगणकावर काम करणारे अंध व अल्पदृष्टी कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे सभासद आहोत. अंध सभासदांना माऊसचा उपयोग नाही. कीबोर्ड आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, तोही बहुतेकांकडे मोफत मिळणारा एनव्हीडीए, एवढ्यावर आमचे टेबल चालते. नवी प्रणाली येणार म्हटले की सहकारी खूश होतात आणि आमच्या पोटात गोळा येतो. जुन्या, ओबडधोबड दिसणाऱ्या प्रणालीत जे काम मिनिटात होत होते, ते नव्या देखण्या प्रणालीत शेजारच्याला हाक मारल्याशिवाय होत नाही, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

तालुका निवडण्याची साधी यादी घ्या. ब्राउझरची मूळची ‘सिलेक्ट’ यादी असेल तर टॅबने तिथे पोहोचता येते. स्क्रीन रीडर ‘तालुका, कॉम्बो बॉक्स’ असे सांगतो. सातारा जिल्ह्याच्या यादीत ‘फ’ दाबला की फलटण येते, आणि अकरापैकी कितव्या नावावर आहोत तेही ऐकू येते. यासाठी डेव्हलपरला यादीला नाव जोडण्यापलीकडे एक ओळही लिहावी लागत नाही. आता हीच यादी डिझायनरच्या चित्राबरहुकूम ‘डिव्ह’ आणि ‘स्पॅन’ जोडून केलेली पाहा. टॅब तिला ओलांडून पुढे जातो. बाणाची कळ वापरून कसेबसे पोहोचलो, तर कानावर फक्त ‘क्लिकेबल’ पडते. काय क्लिकेबल, उघडले की मिटले, कोणते नाव निवडले गेले, काही पत्ता नाही.

डिझायनरांची बाजू आम्हाला ठाऊक आहे. ‘सिलेक्ट’ला हवा तसा रंग आणि आकार देण्याची सोय ब्राउझरांनी वर्षानुवर्षे दिली नाही, म्हणून लोकांनी ती यादी टाकून स्वतःची बांधली. ती तक्रार खरी होती. पण आज चेकबॉक्स आणि रेडिओ बटणाचा रंग ‘अ‍ॅक्सेंट-कलर’च्या एका ओळीत बदलतो. 2025 पासून क्रोममध्ये ‘बेस-सिलेक्ट’ लिहून मूळ यादीलाच पूर्ण नवे रूप देता येते आणि ज्या ब्राउझरला ते समजत नाही, तिथे साधी यादी दिसते. अडत कुणाचेच नाही.

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी : मूळ कंट्रोल मिळत असेल तर तोच वापरावा आणि त्याचे फक्त रूप बदलावे. डेस्कटॉपवरही हेच. विंडोज फॉर्म्समध्ये ‘बटन’ क्लासवरून वारसा घेऊन वरचे चित्र हवे तसे रंगवा. कीबोर्ड आणि ओळख दोन्ही शाबूत राहतात. कोऱ्या ‘कंट्रोल’वर ‘ऑनपेंट’मध्ये बटणाचे चित्र काढले, तर ते चित्रच राहते. डब्ल्यूपीएफमध्ये तर 2006 पासून रूप आणि वागणूक वेगळी ठेवलेली आहे, टेम्प्लेट अख्खा बदलला तरी बटण हे बटणच. तिथे सबबीला जागाच नाही.

नाइलाजाने नवा कंट्रोल बांधावाच लागला, तर जे काढून घेतले ते सगळे परत द्यावे, ही दुसरी मागणी. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘रोल’ बटण असे लिहिले की काम झाले, असे अनेक डेव्हलपर मानतात. एआरिया या सुगम्यतेच्या खुणांमधल्या त्या शब्दाने स्क्रीन रीडर ‘बटण’ म्हणतो खरा, पण एंटर आणि स्पेसबार चालवणे, टॅबच्या रांगेत जागा देणे, हे कोडमध्ये तुम्हालाच लिहावे लागते. बटण म्हणून ऐकू यावे आणि दाबल्यावर काहीच होऊ नये, यापेक्षा ते मुके असलेले परवडते.

तारखेच्या चौकटीत कीबोर्डने तारीख टाइप करता आली पाहिजे. 1968 सालची जन्मतारीख भरायला महिन्यामागे महिना मागे जायचे, तर कळ सहाशेहून अधिक वेळा दाबावी लागते. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचा फॉर्म भरताना हा विनोद वाटत नाही.

अल्पदृष्टी सभासदांसाठी : फोकसची चौकट ‘आउटलाइन नन’ लिहून पुसू नये. आवडत नसेल तर दुसरी, ठळक काढावी. कंट्रोलच्या कडा आणि पार्श्वभूमी यांत निदान 3:1 कॉन्ट्रास्ट असावा, तो डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत 2018 पासून लिहिलेला आहे. विंडोजची हाय कॉन्ट्रास्ट मांडणी लावल्यावर तुमचे रंग बाजूला झाले पाहिजेत. बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकू नये. ती इंग्रजी अक्षरांवर बेतलेली असते. अक्षर मोठे केले की मराठी उकार खालून कापला जातो आणि ‘शुल्क भरा’चे ‘शल्क भरा’ होते. अक्षरांत अंतर सोडण्याची फॅशनही मराठी मजकुरावर नको, शिरोरेषा तुटते. (हा त्रास चांगली दृष्टी असलेल्यांनाही होतो, पण ते बोलत नाहीत.)

हे आम्ही उपकार म्हणून मागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा आहे, आयएस 17802 हे डिजिटल सुगम्यतेचे भारतीय मानक आहे. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत असे सांगितले आणि 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

खरेदी अधिकाऱ्यांकडे मागणी एकच, पण ती पैशाची आहे. निविदेत ‘प्रणाली सुगम्य असावी’ हे मोघम वाक्य आता पुरे. प्रत्येक फॉर्म माऊस काढून ठेवून, स्क्रीन रीडर लावून, पहिल्या रकान्यापासून ‘सादर करा’पर्यंत भरून दाखवावा आणि तोवर शेवटचे देयक काढू नये. ही चाचणी दिव्यांग कर्मचाऱ्यांकडून, त्यांना मोबदला देऊन करून घ्यावी. आपोआप तपासणाऱ्या साधनाचा हिरवा अहवाल पुरेसा धरू नये. रकान्याला नाव आहे की नाही हे ते साधन सांगते, ते नाव बरोबर आहे की नाही हे सांगत नाही.

चर्चेसाठी महिनाभरात बैठक बोलवावी. आमचे दोन सभासद एनव्हीडीए असलेला लॅपटॉप घेऊन येतील. आपल्याकडून प्रणालीची चाचणी आवृत्ती हवी आणि विक्री प्रतिनिधीऐवजी तो फॉर्म ज्याने लिहिला आहे तो डेव्हलपर हवा.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद