हजारो रेपॉझिटरी, पण वाली कोण? लॉग४जे प्रकरणाने कंपन्यांना काय शिकवलं?

डिसेंबर २०२१ मध्ये जगभरातल्या आयटी कंपन्यांमध्ये एकच प्रश्न फिरत होता, "आपण लॉग४जे कुठे कुठे वापरलंय?"

प्रश्न साधा होता. पण उत्तर शोधताना भल्याभल्यांची दमछाक झाली.

लॉग४जे ही जावामधली एक ओपन सोर्स लायब्ररी. सॉफ्टवेअरमध्ये काय काय घडतंय याची नोंद ठेवणं, एवढंच तिचं काम. फुकट आणि कामाची, त्यामुळे ती सगळीकडे पोहोचली. मग कळलं की, ठरावीक पद्धतीने लिहिलेली एक ओळ तिने नोंदवली, की हल्लेखोराला सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता येतो. माइनक्राफ्ट गेमच्या चॅटमध्ये मेसेज टाकूनही हे जमत होतं. धोक्याच्या मोजपट्टीवर या त्रुटीला १० पैकी १० गुण मिळाले. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने १७ डिसेंबरला आदेश काढला आणि सरकारी खात्यांना २३ तारखेपर्यंतची मुदत दिली.

दुरुस्त केलेली आवृत्ती तोवर आली होती. पण ती नेमकी कुठे बसवायची, तिथेच घोडं अडलं.

एवढा पसारा होतो कसा?

रेपॉझिटरी म्हणजे एखाद्या प्रोजेक्टचा कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवायची जागा. ती उघडायला मिनिटही लागत नाही. कुणी प्रयोग म्हणून उघडतं, कुणी बाहेरच्या कोडची प्रत करून घेतं. पुढे टीम बदलते, माणूस नोकरी सोडतो, रेपॉझिटरी मात्र तिथेच राहते. मोठ्या कंपन्यांत हा आकडा हजारांत जातो.

त्यात एक लायब्ररी आपल्यासोबत दुसऱ्या चार घेऊन येते. त्यामुळे लॉग४जे कधीच न निवडलेल्या टीमच्या सॉफ्टवेअरमध्येही ती निघाली.

मग सांभाळायचं कसं?

पहिली गोष्ट, प्रत्येक रेपॉझिटरीला जबाबदार टीम हवी. डिपेंडाबॉटसारखी टूल्स जुन्या लायब्ररी शोधून बदल सुचवतात. पण तो बदल तपासून मंजूर करणारं कुणी नसेल, तर सूचनांचा नुसता ढीग साचतो.

दुसरी गोष्ट, वापरात नसलेलं बंद करणं. गिटहबवर २०१७ पासून रेपॉझिटरी 'अर्काइव्ह' करता येते. कोड वाचता येतो, बदलता येत नाही. लॉग४जे सांभाळणाऱ्या अपाचे फाउंडेशनकडे तर थांबलेल्या प्रोजेक्टसाठी 'अ‍ॅटिक', म्हणजे चक्क माळाच आहे.

अर्थात, नुसती घोषणा पुरत नाही. लॉग४जेची पहिली पिढी अपाचेने २०१५ मध्येच बंद केली होती, तरी २०२१ मध्येही ती अनेक ठिकाणी चालू होती.

म्हणून तिसरी गोष्ट, यादी. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापतात, तशी सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी. तिला एसबॉम म्हणतात. भारतात सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या.

आता घाई कशासाठी?

युरोपच्या सायबर रेझिलियन्स कायद्यानुसार ११ सप्टेंबर २०२६ पासून नियम कडक होतात. आपल्या उत्पादनातल्या त्रुटीचा कुणी गैरफायदा घेतंय हे कळलं, की कंपनीने २४ तासांत प्राथमिक सूचना द्यायची. पुण्या-मुंबईची कंपनी तिथे आपलं सॉफ्टवेअर विकत असेल, तर तिलाही हे लागू होणार.

हातात २४ तास असताना "हा कोड कुणाचा?" इथून सुरुवात करणं परवडणारं नाही.